एका ओढीत सुटणारी पुडी

माझं किराणा दुकान तिठ्यावर आहे, तीन रस्ते मिळतात तिथे. एसटीतून उतरलात की आधी मी दिसत नाही, माळा दिसतात. शांपूच्या, वेफरच्या, मसाल्याच्या, कॉफीच्या चकचकीत पुड्या छपरापासून खाली लोंबत असतात आणि त्यांच्या मागे कात्री घेऊन मी बसलेला असतो. गिऱ्हाइकाने बोट दाखवायचं, मी कचकन कापून द्यायचं. वर्षानुवर्षं मी हेच करत आलो आणि त्यात मला कधी कमीपणा वाटला नव्हता. अशा माणसाच्या घरात पुड्यांना बंदी यावी, म्हणजे पुजाऱ्याच्या घरात घंटेला बंदी आल्यासारखंच झालं.

सुरुवात न्हाणीघराच्या चुलीपासून झाली. पावसाळ्यात आमच्याकडे जळण ओलं असतं. नारळाची सोडणं धुमसत राहतात, माडाच्या झावळ्यांची चुडतं पेटत नाहीत. मग सगळा गाव करतो तेच आम्हीही करायचो. तेलाची रिकामी पिशवी, दुधाची पिशवी, बिस्किटांचे कागद चुलीत कोंबायचे आणि काडी ओढायची. भडका असा उठतो की विचारू नका. कचराही गेला, पाणीही तापलं. पहिली आंघोळ माझ्या वडिलांची. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. ऐंशी ओलांडलेले, काठी घेऊन चालतात, बोलतात कमी आणि बोलले की लागेल असंच बोलतात. श्रावणातल्या एका सकाळी ते पंचा गुंडाळून न्हाणीघराच्या दारातच उभे राहिले.

"पाण्याक वास येता," म्हणाले. "मेल्यार जाळतलात तेव्हा जाळतलात. आतापासून धुरी कित्याक?"

त्यानंतर चहा येईपर्यंत ते खोकत होते. माझी बायको सहसा फर्मानं काढत नाही, त्या दिवशी काढलं. चुलीत प्लास्टिकचा तुकडाही जायचा नाही. "मग जायचं कुठे?" असं मी विचारलं, तर तिने तांदळाची रिकामी गोण घेतली आणि घरामागच्या मांगरातल्या, जळणाच्या खोपटातल्या, खुंटीला अडकवली.

"हयसर," म्हणाली. "कितक्यात भरता ता बघूया."

फार लवकर भरली. आमची मुलगी कट्टा नावाच्या शेजारच्या गावातल्या कॉलेजात अकरावीला आहे. तिने रविवारी ती गोण दारापुढच्या खळ्यात पालथी केली आणि उकिडवी बसून वेगळं करायला लागली. दुधाचं इकडे, तेलाचं तिकडे, खाऊचं पलीकडे. ती डावखुरी आहे. जेवताना डावा हात पुढे आला की अण्णा अजून तिला टोकतात. त्याच डाव्या हाताने तिने एक भला मोठा ढीग माझ्याकडे सरकवला.

"बाबा, अर्धी गोण तुमच्याच दुकानातली आसा."

"मगे काय दुसऱ्याच्या दुकानातली असतली?" मी म्हटलं. माझ्याखेरीज सगळे हसले. अण्णासुद्धा.

मग घरात जे चालू झालं त्याला मी खेळ म्हणत होतो. दूध शेजारच्या गोठ्यातून तांब्यात यायला लागलं. मासेवाली दारात आली की ती पातळ पिशवी सोडवायच्या आधी बायको पातेलं घेऊन हजर. "पिशवी नको? बरा झाला बाये, माझी वाचली," मासेवाली म्हणाली आणि वर दोन बांगडे टाकून गेली. मुलीने शांपूची पुडी सोडून शिकेकाई धरली. मी जागचा हललो नाही. नव्याचे नऊ दिवस, उतरेल आपोआप, असं मी बायकोला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत होतो.

चतुर्थी झाली, गणपती गेले, खूळ काही उतरलं नाही. एका दुपारी कट्ट्याहून आलेल्या एसटीतून बायको उतरली. दोन हातांत दोन फुगलेल्या कापडी पिशव्या. माझ्या दुकानासमोरून, बाकड्यावर बसलेल्या चार टाळक्यांच्या देखत, मान ताठ ठेवून घरी निघून गेली. जेवायला घरी गेलो तर ओट्यावर तूरडाळ, साखर, पोहे, गूळ. सगळं खाकी कागदात, पांढऱ्या दोऱ्याने बांधलेलं. दुकानदाराच्या घरात बाहेरचा किराणा! मी ओरडायला तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. कारण मला ती बांधणी दिसली. दुखरा दात जिभेला बरोबर सापडतो, तशी ती मला सापडली.

ती अण्णांची पुडी होती.

अण्णांच्या काळात माझं दुकान वेगळं होतं. छपराच्या वाशाला दोऱ्याचं मोठं रीळ टांगलेलं असायचं आणि त्याचं टोक अण्णांच्या नाकासमोर डोलत असायचं. रवा असो, चणे असोत, ते कागदावर ओतायचे, चारी बाजू आत घ्यायचे, दोरा दोनदा फिरवायचे आणि शेवटचं टोक कुठेतरी आत सरकवायचे. कुठे, ते बघेपर्यंत पुडी गिऱ्हाइकाच्या हातात. घट्ट एवढी की एसटीच्या टपावरून पडली तरी फुटू नये. पण घरी जाऊन ते टोक ओढलं की सगळा दोरा एका ओढीत मोकळा. दोरा तुटत नसे, कागद फाटत नसे. बायका तो दोरा अबोलीच्या गजऱ्याला, वळेसराला, वापरायच्या, कागद पोरांच्या पुस्तकांवर चढायचा. "गिऱ्हाइकान पुडी फाडूची नाय, सोडूची," अण्णा म्हणायचे. टाकायला काही उरतच नसे, त्यामुळे तेव्हा कचऱ्याविषयी कोणी बोलतही नसे.

शाळेच्या सुट्टीत त्यांनी आम्हा दोघा भावंडांना ती पुडी शिकवायला घेतली. बहीण माझ्याहून धाकटी. तिला लगेच जमली, मला जमली नाही. माझ्या पुडीतून साखर गळायची, दोरा सैल पडायचा, मुंग्या लागायच्या. अण्णा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. "तू दोरो काप," एवढंच म्हणाले. तेव्हापासून ती बांधायची आणि मी रिळाचा दोरा कापून द्यायचो. घाईत तोही आखूड व्हायचा. "लांब काप रे," अण्णा म्हणायचे आणि भर गिऱ्हाइकांत तिच्या डोक्यावर हात ठेवायचे. "हिचो हात माझ्यासारखो आसा." हे वाक्य माझ्या कानांतून आजतागायत गेलेलं नाही.

पुढे ती लग्न होऊन कट्ट्याला गेली आणि दुकान माझ्याकडे आलं. झील म्हणून, म्हणजे मुलगा म्हणून आलं, हात बघून आलं नाही. आणि देवाची करणी बघा, थोड्याच दिवसांत तयार पुड्या बाजारात आल्या. कारखान्यात भरलेल्या, कारखान्यात चिकटवलेल्या. बांधायला नको, गळायला नको. लोक म्हणतात प्लास्टिकने गावाचं वाटोळं केलं. केलं असेल. माझी मात्र त्याने लाज राखली. मी रीळ उतरवलं आणि माळा चढवल्या. अण्णा काही दिवस येऊन बसले, मग यायचे बंद झाले. "हयसर माझा काय काम?" म्हणाले. त्यांची पितळी पारड्यांची तागडी घरी आली, माजघरातल्या खुंटीला लागली. वर्षातून एकदा, दसऱ्याला, पूजेपुरती ती खाली उतरते.

आणि आता तीच पुडी माझ्या ओट्यावर बसून माझ्याकडे बघत होती.

"ह्या खंयसून हाडलंस?" मी विचारलं. उत्तर माहीत असताना विचारलं.

"वन्संकडसून. त्येंच्याकडे सगळा सुटा गावता. डबो न्हेलो तर डब्यात, नायतर कागदात."

"आणि माझ्या दुकानात काय माती गावता?"

"तुमच्या दुकानात पुडयो गावतत," ती शांतपणे म्हणाली. "त्येंका गोण पुरणा नाय."

बहिणीने सासरी दुकान काढलंय हे मला माहीत होतं. डबे घेऊन येणाऱ्यांची तिथे रांग लागते हेही कानावर आलं होतं. कट्ट्याला मी कामासाठी जायचो, पण तिच्या गल्लीत वळायचो नाही. कोणी विचारलंच तर म्हणायचो, वेळ होत नाही. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. माझं तर विकत होतं, फक्त माझ्या घरी विकत नव्हतं.

कागदाची चुरचुर ऐकून अण्णांनी पडवीतून हात पुढे केला. सुनेने साखरेची पुडी त्यांच्या तळव्यावर ठेवली. त्यांनी ती उलटसुलट केली, डोळ्यांजवळ नेली, अंगठ्याने चाचपली. मग टोक शोधून ओढलं. दोरा सर्रकन मांडीवर पडला.

"हात बरो बसलो हा," म्हणाले आणि हसले.

अण्णांनी दोरा बोटावर गुंडाळून बंडीच्या खिशात ठेवला. खाकी कागद उलगडून दोन्ही बाजूंनी पाहिला आणि "ह्या कागदात वाचूक कायच नाय," अशी तक्रार केली. पण तक्रारसुद्धा लाडातली होती. माझ्या दुकानातली एक वस्तू त्यांनी इतक्या वर्षांत अशी हातात धरून पाहिली नव्हती. बांगड्याचं तिखलं अर्धं ताटात टाकून मी त्या दुपारी लवकरच दुकानाकडे निघालो. पोटात दुखतं म्हणतात ते खरोखर पोटातच दुखतं.

पुढे तो नेमच झाला. बायको कट्ट्याहून आली की अण्णा पडवीत सरसावून बसायचे. पुड्या त्यांनीच सोडायच्या, इतर कोणी हात लावायचा नाही. मी संध्याकाळी दुकान बंद करून यायचो तेव्हा ते मला "इलंस?" एवढंच म्हणायचे. पुडीला मात्र ते दहा वेळा फिरवून बघायचे. मी माझ्याच घरात एका पावशेर चण्यांवर जळत होतो.

तिठ्यावरच्या बाकड्याला तर आयतं खाद्य मिळालं. "काय रे, दुकान तुझा आणि बाजार बहिणीचो?" एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, "तुझा सामान बरा नसतला, म्हणान बायल घेना नाय." मी त्याला त्याच क्षणी उधारी बंद केली. त्याने काही बिघडलं नाही. तो रोखीने घेऊन रोज तेच बोलायला लागला.

मग मीही चंग बांधला. कुडाळहून यंत्रावर बनवलेल्या कागदी पिशव्या मागवल्या. छान तपकिरी, कडक, खाली चौकोनी बूड असलेल्या. त्यांत रवा भरून घरी नेला आणि अण्णांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी वास घेतला.

"डिंक लायलो हा," म्हणाले. त्यांनी पिशवी सगळीकडून चाचपली. "आणि हेका ओढूक टोकच नाय."

मुलगी तोंडावर हात ठेवून आत पळाली. ती हसली म्हणून मी तिच्यावर चिडलो, बायको हसली नाही म्हणून तिच्यावर चिडलो. पिशव्यांचा गठ्ठा अजून दुकानाच्या माळ्यावर आहे.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी, तिठा जेवून आडवा झालेला असायचा तेव्हा, दुकानाची अर्धी फळी लावून मी आत बसायला लागलो. समोर कागद, शिंप्याकडून आणलेला दोरा आणि साखर. पन्नाशी उलटलेला माणूस, चष्मा कपाळावर, दातात दोरा धरून पुडी बांधतोय. चारी बाजू आत घेईपर्यंत सगळं बरोबर यायचं. शेवटचं टोक सरकवताना बोटं अशी काही गोंधळायची की पुडी एका कोपऱ्यातून हसायला लागायची. एकदा मी रागाने इतकं आवळलं की ती फुटलीच. संध्याकाळपर्यंत दुकानातल्या सगळ्या मुंग्यांना माझं गुपित कळलं होतं. बहिणीला हे पहिल्याच फटक्यात जमलं होतं, हा विचार काही डोक्यातून जात नव्हता. मला तिच्या दुकानाचा हेवा नव्हता, गिऱ्हाइकांचाही नव्हता. मला तिच्या हाताचा हेवा वाटत होता, लहानपणी वाटायचा तसाच, जराही न झिजलेला.

नवरात्र बसलं आणि अण्णांनी कळस केला. जेवून हात धुताना, जणू पावसाबद्दल बोलावं तसे म्हणाले, "दसऱ्याची पूजा झाली काय तागडी कट्ट्याक पोचती कर."

"कित्याक?"

"थंय ती लागता. हयसर नुसती टांगलेली आसा."

तागडी म्हणजे दोन पितळी पारडी आणि एक दांडी, बाहेरच्याला एवढंच दिसेल. अण्णांना ती त्यांच्या वडिलांनी दिली होती, तीही दसऱ्यालाच. आमच्याकडे तागडी ज्याच्या हाती त्याचं दुकान खरं. ती कट्ट्याला गेली की तिठ्यावर वेगळं काही सांगावं लागणार नव्हतं. बापाने वारस नेमला आणि तो मी नव्हे.

"इतकी वर्सां दुकान मी चालवतंय," मी म्हटलं. आवाज चढला होता.

"माळा कापतंस," अण्णा म्हणाले आणि काठी घेऊन पडवीत गेले.

अंगाचा तिळपापड झाला. तरी तागडी दरवर्षी मीच घासतो म्हणून त्या वर्षीही मीच घासली. चिंच लावून पारडी अशी चकचकीत केली की त्यांत माझं तोंड दिसायला लागलं, आणि ते तोंड काही बघण्यासारखं नव्हतं. बायकोने कुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली, आपट्याची पानं ठेवली. बहीण दरवर्षी सोनं द्यायला यायची, त्या दसऱ्याला आली नाही. बरं वाटत नाही म्हणून निरोप धाडला. मी मनात म्हटलं, कशाला येईल, तागडी घरपोच मिळणार आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी तागडी अण्णांच्या जुन्या पंच्यात बांधली, स्कूटरवर दोन पायांमध्ये ठेवली आणि निघालो. भात पिवळं पडत चाललं होतं, रस्ता रिकामा होता. वाटभर मी बोलायचं ते घोकत होतो. घे. हात तुझो, तागडी तुझी. आता बापाशीक पण घेऊन जा. प्रत्येक वळणावर ते वाक्य मला जास्तच आवडत गेलं.

तिच्या गल्लीत मी पहिल्यांदाच वळलो. दुकान लहानसं. पत्र्याचे डबे, धान्याची पिंपं, आणि वाशाला टांगलेलं दोऱ्याचं रीळ. मी उंबऱ्याबाहेर थबकलो. फळीमागे माझी मुलगी उभी होती. कॉलेजचा गणवेश, वेणी पुढे आलेली. समोर एक म्हातारी वाट बघत होती. मुलीने पोहे कागदावर ओतले, चारी बाजू आत घेतल्या, दोरा दोनदा फिरवला आणि डाव्या हाताने टोक आत सरकवलं. कुठे, ते मला दिसलं नाही. पुडी म्हातारीच्या हातात होती.

बहीण बाजूला स्टुलावर बसली होती, हात मांडीवर. दुकानात डाळींच्या वासाबरोबर दुखण्याच्या मलमाचा वास येत होता.

"दादा!" ती उठली. "इलंस?"

घोकलेलं वाक्य तोंडातून बाहेर पडायच्याच बेतात होतं. मी पंच्याची गाठ सोडून तागडी फळीवर ठेवली. "घे. हात तुझो..."

"खंयचो हात?" ती म्हणाली आणि दोन्ही हात माझ्यापुढे धरले. बोटं आल्याच्या गड्डीसारखी झाली होती, सांध्यांशी फुगलेली, एकमेकांवर वळलेली. "शिमग्यापासून एक पुडी बांधूक जमणा नाय. टोक गावताच नाय बोटांका."

"मगे आमच्या घराक येतत त्यो?"

तिने हनुवटीने माझ्या मुलीकडे दाखवलं. "सगळ्यो तिणां बांधल्यान."

मुलगी रिळाच्या मागे लपायला बघत होती. "कॉलेज सुटल्यार एसटी येईसर हयसर बसतंय मी," म्हणाली. "आत्येन शिकवल्यान."

"माका कोणी सांगूक नाय!"

"तुमका राग येतलो म्हणान."

"आयेक म्हायत आसा?"

"आयेक आसा. आजोबांका कोणी सांगूक नाय, त्येंका पयल्याच पुडयेक कळला. टोक डाव्या बाजूक होता ना."

दुखऱ्या दातासारखी ती पुडी ओळखणारा मी. दिवसरात्र तिच्यावर जळणारा मी. अण्णा टोक डावीकडून ओढत होते, आणि ते रोज समोर दिसत असून मला दिसलं नव्हतं. मला सगळीकडे बहिणीचाच हात दिसत होता, आणि तो हात तर कधीच मिटायचा बंद झाला होता.

"तागडी तरी तुका कित्याक होयी मगे?" मी विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

"माका नको. अण्णांनी तुझ्या चेडवासाठी, नातीसाठी धाडल्यानी. तुझ्याकडे रवली तर परत खुंटयेर जायत, म्हणान." तिने वळलेल्या बोटांनी पारड्याच्या कडेवरून हात फिरवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि हेवो करूचो तर मी करूचो, दादा. तुका दुकान गावला, घर गावला. अण्णा रोज तुझ्या समोर बसतत. माका त्येंची ही पुडी तेवढी गावली. तीव आता हातातसून गेली."

मी स्टुलावर चढलो आणि तागडी तिच्या दुकानाच्या वाशाला टांगून दिली. हात कामात असले की तोंड लपवता येतं.

त्या दुपारी माझ्या मनातला हेवा विरघळून गेला, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. बहिणीला आता काय म्हणायचं? मग तो मुलीवर जाऊन बसला. माझ्या बापाची पुडी माझ्या मुलीला माझ्या बहिणीने शिकवली, आणि त्या सगळ्यात मी कुठेच नव्हतो. मुलगी फळीवर सांडलेले पोहे डाव्या हाताने गोळा करत होती. मी लहान असतो तर तिचा कान पिरगळला असता.

त्याऐवजी मी विचारलं, "आयतवारी आपल्या दुकानात बसशीत?"

तिने मान वर केली. "माळा काढतलात?"

"सगळ्यो नाय."

"समोरच्यो?"

"अर्ध्यो."

"समोरच्यो सगळ्यो," ती म्हणाली. बहीण हसत होती. माझ्या मुलीने घासाघीससुद्धा कुठून तरी शिकून घेतली होती, आणि ती मात्र माझ्याकडूनच, अशी मी मनाची समजूत घातली. मी हो म्हटलं.

आता रविवारी तिठ्यावर उतरलात तर आधी मी दिसतो. माळा आत भिंतीला गेल्या आहेत, मागितल्या तर मिळतात. पुढे डाळी, चणे, गूळ, पोहे सुटे आहेत. कोणी डबा घेऊन येतं, कोणी "वेफर खंय गेले?" म्हणून कुरकुरतं. तागडी शनिवारी एसटीने मुलीच्या मांडीवर बसून येते आणि सोमवारी कट्ट्याला परत जाते. कंडक्टर तिला अर्धं तिकीट लावू का म्हणून विचारतो. मांगरातली गोण अजून खुंटीला आहे. ती भरायला आता बराच वेळ लागतो, पण हे मी बायकोसमोर कबूल केलेलं नाही.

पहिल्या रविवारी अण्णा दुकानात आले. मी बोलावलं नव्हतं. धुतलेला सदरा घालून, काठी टेकत टेकत आले आणि तांदळाच्या पोत्यावर बसले. कधीचं उतरवलेलं रीळ मी पुन्हा वाशाला टांगलं होतं, त्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. मुलगी फळीमागे उभी होती. मी कात्री घेऊन तिच्या बाजूला उभा होतो. दोघांनाही काय करावं कळत नव्हतं. पहिलं गिऱ्हाईक आलं, तिने कागद पसरला, चणे ओतले.

"तू दोरो काप," अण्णा मला म्हणाले.

पन्नाशी उलटली, केस पिकले, आणि मला तेच काम मिळालं. कानशिलं तापली. तरी मी रिळाचं टोक धरलं. घाई केली नाही. हातभर सोडला, आणखी थोडा सोडला, मग कापला आणि तिच्यासमोर धरला. अण्णांनी तो मध्येच आपल्या हातात घेतला, दोन्ही टोकं धरून ताणून पाहिला आणि नातीकडे दिला. तिने तो दोनदा फिरवला. टोक आत गेलं.

गिऱ्हाईक अण्णांच्या वेळचं होतं. त्याने पुडी हातात घेऊन ओळखली. "अण्णानू, हात तुमचोच मरे?"

"हात नातीचो," अण्णा म्हणाले. मग, माझ्याकडे न बघता, "दोरो झिलाचो."

मी रिळाकडे तोंड केलं आणि पुढचा दोरा कापला. जरा लांबच.